एक मे घरचा सण कसा करावा: खानदेशातल्या घरांसाठी

एक मेला बहुतेक घरांत तीनच गोष्टी होतात. पोराला शाळेत न्यायचं, निकाल आणायचा आणि मोबाइलवर आलेलं महाराष्ट्र दिनाचं चित्र पुढे ढकलायचं. नऊ-साडेनऊला दिवस आटोपतो, कारण दहानंतर जळगाव-भुसावळकडे रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. सुट्टी मिळते, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा पोळ्याला घरात जी लगबग असते तिचा पत्ता नसतो.

खरं तर आपल्याकडे या दिवसाइतका सोयीचा दुसरा झेंडावंदनाचा दिवस नाही. पंधरा ऑगस्टला शेतात निंदणी-कोळपणी चाललेली असते आणि सव्वीस जानेवारीला पोरांच्या परीक्षा डोक्यावर असतात. एक मेला मात्र रान मोकळं, शाळा सुटलेली आणि आखाजी आगेमागे असल्याने माहेरवाशिणी घरात. २०२५ मध्ये तर आखाजी ३० एप्रिललाच होती, दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन. म्हणून नवीन काही उभं करू नका. या दिवसांत घरात जे चालूच असतं, त्याला झेंडा आणि आठवण जोडून द्या. ते कसं करायचं, ते पुढे.

आठ दिवस आधी

पहिलं काम फोनचं. लेकी, फुया (आत्या), मुंबई-पुण्याला गेलेली चुलतभावंडं, सगळ्यांना सांगा की आखाजीला आलात तर एक मे करूनच जा, आणि आखाजी लांब असेल तर थेट एक मेला या. निरोप घरातल्या थोरल्यांच्या तोंडून गेला तर बरा. आपण बोलावलं तर "बघतो" म्हणणारे आबांनी किंवा जिभाऊंनी बोलावलं की गाडीचं आरक्षण करून मोकळे होतात. येताना प्रत्येकाने घरातला एखादा जुना कागद किंवा फोटो आणायचा, हेही तेव्हाच सांगा. त्याचा उपयोग पुढे येतो.

दुसरं काम ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नजर टाकण्याचं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे ठरलेले दिवस. नोटीस सात दिवस आधी लागते आणि मुख्य सभेच्या आधी महिलांची सभा होते. वेळ पाहून ठेवा.

तिसरं बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं. पाहुण्यांच्या हातांचा यापेक्षा चांगला उपयोग नाही. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून दळायची. हे आधी उरकलं की दोन तारखेला पहाटे पीठ शिजवून लसूण-तीळ-मिरची घालून थापायला सगळ्या बायका-पोरी हजर असतात. एक तारखेला वाळवण घालू नका. त्या दिवशी चूल मांड्यांना, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्यांना लागते.

झेंडा: इथे घाई नको

तिरंगा घरावर लावायला आता कुणाची परवानगी लागत नाही. भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू झाली आणि सामान्य माणसाला वर्षातल्या कोणत्याही दिवशी झेंडा लावता येऊ लागला. डिसेंबर २०२१ मध्ये हाताने विणलेल्या खादीसोबत यंत्रावरचं आणि पॉलिस्टरचं कापडही चालेल असं ठरलं, तर जुलै २०२२ मध्ये घरावरचा झेंडा रात्रीही ठेवायला मुभा मिळाली. मुभा असली तरी आपल्याकडे संध्याकाळी उतरवलेलाच बरा. वैशाखात कधी वावधन उठेल सांगता येत नाही, आणि एका रात्रीत कापडाच्या चिंध्या होतात.

आकार तीनास दोन. घरासाठी ९०० बाय ६०० मिलिमीटर पुरेसा, लहान ओट्याला ४५० बाय ३०० चालतो. विकत घेताना केशरी पट्टी, चक्राचे २४ आरे आणि दोन्ही बाजूंची छपाई पाहा. एका बाजूने चक्र सरकलेलं असे झेंडे बाजारात सर्रास मिळतात. प्लॅस्टिकचा अजिबात नको.

आता बांधणी. बांबू सरळ आणि सोललेला घ्या. वर कप्पी बसवता आली तर उत्तम, नाहीतर गुळगुळीत लोखंडी कडी. दोरी सुती, नवी आणि खांबाच्या उंचीच्या दुपटीहून हातभर जास्त. आदल्या संध्याकाळी झेंडा न बांधता नुसती दोरी दहा वेळा वर-खाली करून पाहा. फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तिथे झेंडा निम्म्यावर अडकला आणि शिरपूरकडचा एक तरुण खांबावर चढून तो सोडवून आला, अशी आठवण आपल्याकडे सांगतात. तुमच्या घरी बांबूवर चढायला कुणी नसणार, तेव्हा दोरी तपासाच.

फुलं भरून झेंडा गुंडाळायचा असेल तर गाठ सुटी मारा, एका झटक्यात उकलेल अशी. केशरी बाजूची दोरी वर जाते, ही खात्री दोन माणसांनी वेगवेगळी करावी. घरावर देवाचा किंवा आणखी कसला ध्वज असेल तर तो तिरंग्याच्या वर किंवा त्याच काठीवर नको. भिंतीवर उभा लावायचा असेल तर पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी आली पाहिजे. मोटारसायकलींना झेंडे बांधून गावभर फिरणाऱ्यांना जरा थोपवा. मोटारीवर झेंडा लावण्याचा मान संहितेने ठरावीक पदांवरच्या माणसांनाच दिला आहे, आणि त्या फेरीनंतर कागदी झेंडे गटारीकडेला पडलेले दिसतात ते वेगळंच.

आदली रात्र धाब्यावर

धाब्याचं घर असेल तर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, नसेल तर गच्ची. संध्याकाळी पाणी मारून अंथरुणं घाला. या रात्री पोरांना घराची गोष्ट सांगायची, पण भाषण नको. सुरुवात पोरांनी करावी: "आबा, तव्हय काय व्हयनं व्हतं?" मग आबा अहिराणीत सांगोत, लेवा बोलीत सांगोत किंवा भिलोरीत, मध्येच शुद्ध करायला जाऊ नका.

१९६० साली जो दहा वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही. "देशाबद्दल काय वाटतं" असलं विचारू नका, माणूस गप्प बसतो. शाळेत मास्तर कोण होते, त्या दिवशी पेढे वाटले का, गावात पहिला रेडिओ कुणाकडे आला, संयुक्त महाराष्ट्राची सभा तालुक्याला झाली तेव्हा घरातून कोण गेलं, बैलगाडीने गेले की पायी, असं विचारा. घरात कुणी जळगावच्या खानदेश मिलमध्ये, अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये किंवा धुळ्याच्या न्यू प्रताप मिलमध्ये होतं तर भोंग्याबद्दल विचारा. एक मे कामगारांचाही दिवस आहे, आणि भोंग्याच्या वेळा माणसं पन्नास वर्षांनीही अचूक सांगतात.

रेकॉर्डिंग करणार असाल तर फोन विमान मोडवर टाकून बोलणाऱ्याच्या उशाशी ठेवा. हे धाब्यावर करण्याचं खरं कारण कूलर. खाली खोलीत कूलरच्या घरघरीत आबांचा एक शब्द ऐकू येत नाही, आणि कूलर बंद केला तर आबा बोलत नाहीत.

सकाळ: पाच ते दहा

सगळा कार्यक्रम या पाच तासांत बसवायचा. पारा चव्वेचाळीसच्या पुढे जाणार हे धरूनच चाला.

आधी गावाचा झेंडा, मग घरचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीसमोर सगळं घर जाऊ द्या, सुना-लेकींसकट. पोराचा निकाल तिथेच मिळतो, त्यामुळे दोन फेऱ्याही वाचतात. लागूनच ग्रामसभा असेल तर घरातल्या दोघांनी तरी थांबावं. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी तेवढे लागतात, आणि बऱ्याच गावांत तेवढेही न जमल्यामुळे सभा तहकूब होते. एकच प्रश्न लिहून न्या. टँकरची पाळी, शाळेच्या आवारातली झाडं, स्मशानभूमीचा रस्ता, काहीही चालेल, पण उत्तर इतिवृत्तात लिहिलं जातंय ना ते पाहूनच उठा. माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात देशभक्तीचं काम हेच, आणि याचा फोटो कुणी काढत नाही.

घरी आल्यावर झेंडा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या हातून चढवा. मोठ्या मायने शंभर सण केले असतील, पण झेंड्याची दोरी तिच्या हातात कधी कुणी दिलेली नसते. चढवताना दोरी झपकन ओढायची, उतरवताना सावकाश. राष्ट्रगीत फोनवर वाजवण्यापेक्षा तोंडाने म्हणा. ते ५२ सेकंदांत बसायला हवं, पण सगळे मिळून पहिल्यांदा म्हणतात तेव्हा पुढे-मागे होतंच, म्हणून आदल्या दिवशी एकदा म्हणून घ्या. त्यानंतर राज्यगीत. २०२३ पासून ते अधिकृत आहे आणि त्यातली दोनच कडवी घेतली आहेत, तेवढीच म्हणावीत. मग पेढा, तोही निकालाचा आणि महाराष्ट्राचा एकच.

घरी सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी) असेल, घरकामाला बाई येत असेल, तर त्यांनाही झेंड्याला आणि नंतर पंगतीला बोलवा. आपल्याकडे साल आखाजी ते आखाजी चालतं, म्हणजे जुना हिशेब पूर्ण करण्याचे दिवस हेच. राहिलेले पैसे एक मेच्या आत दिले गेले तर पंगतीत बसताना दोघांनाही अवघडल्यासारखं होत नाही.

पेटी उघडायची

दहा वाजले की आत या. दारं-खिडक्या लावा आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढा. पाहुण्यांनी आणलेले कागदही तिथेच मांडा.

शोधायचे ते शाळा सोडल्याचे दाखले, खरेदीखतं, पीक-पाण्याचे उतारे, लग्नपत्रिका आणि पोस्टकार्डं. यातले तीन दाखले एका ओळीत ठेवून पोरांना जिल्हा वाचायला लावा. समजा घर नंदुरबारकडच्या एखाद्या खेड्यात आहे. आजोबांच्या दाखल्यावर, तो १९६० च्या आधीचा असेल तर, जिल्हा "प. खानदेश". वडिलांच्या दाखल्यावर "धुळे". नातवाच्या दाखल्यावर "नंदुरबार", कारण १ जुलै १९९८ ला तो जिल्हा वेगळा झाला. घर तेच, ओटा तोच, विहीर तीच. जळगावकडच्या घरांत "पू. खानदेश" आणि "जळगाव" असे दोन सापडतील. पणजोबांचा १९०६ च्या आधीचा एखादा कागद निघाला तर त्यावर नुसतं "खानदेश" असू शकतं, कारण तोवर जिल्हा एकच होता. राज्य कसं झालं हे पुस्तकातून शिकवायला तास लागतो, हे तीन कागद ते काम दहा मिनिटांत करतात.

सीमेकडच्या घरांत आणखी एक गोष्ट निघेल. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले तेव्हा पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतली १५६ गावं गुजरातेत गेली. निझर, उच्छलकडे दिलेल्या फुया-मावश्या अनेकांच्या आहेत. त्यांच्याकडेही त्याच दिवशी राज्य स्थापनेचा दिवस असतो, फक्त गुजरातचा. त्यांना फोन लावा आणि दोन्हीकडच्या पोरांना शुभेच्छा द्यायला लावा. ज्यांचं गाव एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेलं त्यांना एक मेबद्दल काय वाटतं, हेही ऐकण्यासारखं असतं, आणि ते दरवेळी आनंदाचं असेलच असं नाही.

कागद हाताळताना हात कोरडे ठेवा आणि पंखा बंद करा. घडीवर फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये तर मुळीच दाबून घेऊ नका. दाबलेला कागद आत पिवळा पडत जातो आणि पुन्हा सुटत नाही. खिडकीच्या आडव्या उजेडात, फ्लॅश न मारता, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागच्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असतं. परत ठेवताना प्रत्येक कागद वेगळ्या कोऱ्या कागदात आणि सगळं मिळून धुतलेल्या सुती कापडात. फोटोंच्या फाइलला गाव, माणसाचं नाव आणि साल द्या, नाहीतर वर्षभराने तुम्हालाच कळणार नाही तो दाखला कुणाचा.

जेवण

बेत ठरलेलाच आहे: खापरावरचे मांडे, आमरस, रशी, भात, कुरडई, भजी. पण तो बाराच्या आत पानात पडायचा तर चूल सातलाच पेटलेली हवी. म्हणजे काही बायका झेंड्याला जाऊ शकणार नाहीत, आणि मग सणाचा अर्थच राहत नाही. उपाय असा की पुरण आदल्या संध्याकाळीच शिजवून वाटून ठेवायचं. एक किलो हरभऱ्याच्या डाळीला साधारण तेवढाच गूळ, वरून वेलची-जायफळ. उकाड्यात पुरण आंबू नये म्हणून गूळ घातल्यावर चांगलं आटवा आणि गार झाल्याशिवाय झाकू नका. डाळीची येळणी (शिजलेल्या डाळीचं निथळलेलं पाणी) फ्रिजमध्ये ठेवली की सकाळी भाजलेला कांदा-खोबरं आणि काळा मसाला घालून रशी अर्ध्या तासात होते.

मांड्याचं पीठ मात्र सकाळचंच. गहू ओलवून दळलेले, पीठ कापडातून चाळलेलं. कणीक पाण्याचा हात लावत तिंबत राहायचं, इतकं की गोळा उचलला तर तो तुटता कामा नये, आपल्या वजनाने लोंबायला हवा. पुरण कणकेपेक्षा जास्त भरायचं. लाटणं नाही. मांडा एका हातावरून दुसऱ्या हातावर फिरवत मनगटापासून कोपरापर्यंत वाढवत न्यायचा आणि उपड्या खापरावर अलगद टाकायचा. खाली पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) जाळ, तोही एकसारखा. भडकला की मांडा मध्ये जळतो आणि कडेला कच्चा राहतो. हे काम मोठ्या मायकडे द्या, जाळ सांभाळायला नातू बसवा, आणि हातावर मांडा फिरवण्याचा पहिला प्रयत्न मुंबईहून आलेल्या भाच्याला करू द्या. फाटला तर फाटला, तो त्यानेच खायचा.

रसासाठी गावरान आंबा या तारखेला अजून पाडाला आलेला नसतो. बाजारातला केशर किंवा बदाम घ्या, तास-दोन तास पाण्यात टाका, रसात चिमूटभर सुंठ आणि वरून तूप.

जेवणानंतर चारपर्यंत कुणालाही उठवू नका.

संध्याकाळ

पाचनंतर अंगणात सडा टाकून पोरांकडून गेरूने खानदेशाचा नकाशा काढून घ्या. तापी पूर्वेकडून पश्चिमेला, वर सातपुडा, खाली गिरणा, पांझरा, बोरी. प्रत्येक पाहुण्याने आपल्या गावाच्या जागी एक दगड ठेवायचा. मग जिथे काही घडलं ती ठिकाणं: नंदुरबार, चिमठाणे, अमळनेर, धुळे, फैजपूर.

सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरवा. जमिनीला लागू देऊ नका. घडी घालताना झेंडा आडवा धरा, केशरी आणि हिरवी पट्टी पांढऱ्याच्या खाली दुमडा, मग दोन्ही बाजूंनी आत घ्या म्हणजे वर चक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग तेवढा दिसतो. तळहातांवर आत न्या आणि पेटीत कागदांच्या वर ठेवा. फाटला असेल तर पुन्हा लावू नका आणि पायपुसण्याच्या गाठोड्यातही टाकू नका. घरच्या घरी, एकांतात, मानाने जाळून टाकायचा.

मुक्काम असेल तर

दोन तारखेला पहाटे बिबड्या घालून झाल्या की पोरांना घेऊन एकच ठिकाण गाठा. दोन-तीन ठिकाणं एका दिवसात करू नका, उन्हात पोरं आजारी पडतात.

नंदुरबारला माणिक चौक. ९ सप्टेंबर १९४२ ला शाळकरी पोरांच्या मोर्चावर इथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा गेले. शिरीषकुमार सोळाही पूर्ण नव्हता. हे तुमच्या नववी-दहावीतल्या पोराला तिथे उभं करून सांगा, घरी सांगून तेवढं भिडत नाही.

धुळ्याहून दोंडाईच्याकडे जाणार असाल तर वाटेत चिमठाणे. एप्रिल १९४४ मध्ये प्रतिसरकारच्या माणसांनी सरकारी खजिन्याची गाडी इथे अडवून साडेपाच लाख रुपये नेले. मुलांना हे सगळ्यात आवडतं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. गुरुजी त्याआधी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, शाळा अजून चालू आहे. धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ पाहायचं असेल तर सुट्टीच्या दिवसांत आधी फोन करून जा.

पोरं लहान असतील तर नवापूरचं रेल्वे स्टेशन बरं. सुरत-भुसावळ मार्गावर आहे, पॅसेंजरने जाता येतं, आणि फलाटावरच्या एका बाकाचं एक टोक महाराष्ट्रात तर दुसरं गुजरातेत आहे. उच्छलची फुई तिकडून आली तर डबा तिथेच सोडता येतो. मात्र परतीची गाडी अकराच्या आतली पाहा, आणि पाण्याची कॅन, टोप्या, ताक, कांदा बरोबर ठेवा.